मिग-२१ एफएलवरची चिन्हं: आधी तारीख ठरवा, मग डिकल भिजवा

केशरी पुढे. विमान डाव्या बाजूने बघा नाहीतर उजव्या, शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्यांतला केशरी नाकाच्या दिशेला येतो आणि हिरवा मागे. म्हणजे उजव्या बाजूने बघताना डावीकडून उजवीकडे हिरवा, पांढरा, केशरी असं दिसतं. झेंडा बघायची सवय लागलेल्या डोळ्याला ते चुकल्यासारखं वाटतं, पण तेच बरोबर आहे. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण बाकीचं सगळं नंतर दुरुस्त करता येतं. वाळलेला फ्लॅश, म्हणजे या पट्ट्यांचं डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचं छापील चिन्ह), मात्र रंगासकट निघतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १/७२ मापातलं मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल, १९७१च्या लढाईतलं, वडिलांच्या पंच्याहत्तरीला भेट द्यायचं आहे. वडील ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानांचा सरकारी कारखाना) फिटर होते. खोक्यातल्या डिकलचा केशरी लालसर दिसतो, क्रमांकाचे आकडे जाड वाटतात, आधीच्या मॉडेलवर डिकलभोवती चंदेरी चकाकी आली होती, आणि कॅमोफ्लाजचे (विमान लपवणाऱ्या रंगकामाचे) नेमके रंग कोणते हे कळत नाही. ओझरच्या गोष्टीकडे मी शेवटी येतो, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

फ्लॅशचा धडा मी फुकट शिकलेलो नाही. एका प्रदर्शनात माझं हंटर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल ठेवलं होतं. तीन महिन्यांचं काम होतं, वर गडद हिरवा आणि राखाडी, खाली चंदेरी, अगदी मनासारखं जमलेलं. एक वयस्कर गृहस्थ आले, हात मागे बांधून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "उजव्या बाजूने हे उलटं उडतंय का हो?" ते हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होते. मी दोन्ही फ्लॅश एकदमच कापून पाण्यात टाकले होते आणि कुठला कुठल्या बाजूचा ते विसरलो होतो. तेव्हापासून एका वेळी एकच डिकल भिजवतो.

आता मूळ मुद्दा. "१९७१चं मिग" असं काही नसतं. एक ठरावीक विमान असतं आणि एक ठरावीक दिवस. बॉक्सवरचं चित्र आणि आतला सूचनांचा कागद ही कुणीतरी कुठल्या तरी फोटोवरून काढलेली समजूत असते. तो कागद कधी बरोबर असतो, तर कधी दोन वेगवेगळ्या विमानांची खिचडी. म्हणून मी कागद बाजूला ठेवतो आणि एक फोटो निवडतो. त्या फोटोत जे दिसतं ते मॉडेलवर येतं. जे दिसत नाही त्यासाठी त्याच स्क्वॉड्रनचं, त्याच काळातलं दुसरं विमान शोधतो.

दिवस ठरवला की किती गोष्टी आपोआप ठरतात ते बघा. १२ डिसेंबर १९७१ला जामनगरच्या बाजूला ४७ स्क्वॉड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं, ते तोफेने. पण एफएलला अंगची तोफ नाही. तोफ येते पोटाखाली टांगायच्या जीपी-९ पॉडमधून (तोफेची वेगळी पेटी), आणि तो पॉड मधल्या पायलॉनला, म्हणजे सामान टांगायच्या खुंटीला, लागतो. म्हणजे त्या दिवसाच्या विमानाला पोटाखाली जादा इंधनाची टाकी देता येत नाही, कारण जागा एकच आहे. खोक्यात टाकी आणि पॉड दोन्ही येतात आणि आपण उत्साहात टाकी चिकटवून मोकळे होतो. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, २८ स्क्वॉड्रनच्या मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. विंग कमांडर बिश्नोई नेतृत्व करत होते, आणि लक्ष्य शोधायला हाताशी होता पर्यटकांचा नकाशा. त्या विमानांच्या पंखांखाली ५७ मिलीमीटरच्या रॉकेटचे सोळा नळ्यांचे पॉड होते, के-१३ क्षेपणास्त्रं नव्हेत. युद्ध एकच आणि आठवडाही एकच, पण पोटाखाली आणि पंखांखाली टांगायचं सामान वेगळं.

डिकलला हात लावण्याआधी प्लॅस्टिक एफएलचंच आहे ना हे बघून घ्या. ही तपासणी बरेच जण गाळतात आणि मग चुकीच्या विमानावर अचूक चिन्हं लावतात. एफएलची नाकावरची लांब पिटो दांडी (वेग मोजणारी नळी) हवेच्या तोंडाच्या वर, बरोबर मध्यावर असते. नंतरच्या एम वर्गात ती उजवीकडे सरकलेली आहे. एफएलच्या कॉकपिटवरची काच पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, अख्खी उघडणारी, आणि पंखांखाली दोनच पायलॉन. एमला चार, शिवाय पोटात तोफ आणि पाठीचा उंचवटाही जाड. एम आपल्याकडे १९७१च्या लढाईनंतर आलं. त्यामुळे चार पायलॉनच्या मिगवर १९७१चा क्रमांक दिसला की समजायचं, घाई झाली.

क्रमांकाबद्दल. आपल्या हवाई दलात आकड्यांआधीचं अक्षर विमानाचा प्रकार सांगतं. एफएलला सी, हंटरला बीए. पण ज्या आकड्याचा फोटो तुमच्याकडे नाही तो केवळ डिकलच्या शीटवर आहे म्हणून लावू नका. आकडे जाड वाटतात म्हणालात, तर ते मोजता येतं, अंदाजाने बोलायची गरज नाही. बरोबर बाजूने, काटकोनात काढलेला फोटो घ्या. तिरका नको, आणि फार जवळून काढलेलाही नको, कारण जवळच्या भिंगात नाक फुगतं. फोटोत आकड्याची उंची मोजा, शेपटीच्या पात्याची उंची मोजा, आणि पहिलीला दुसरीने भागा. तेच प्रमाण मॉडेलच्या शेपटीला लावा. खऱ्या विमानाचं एकही माप माहीत नसलं तरी चालतं. अंकाच्या रेषेची जाडी, दोन अंकांमधलं अंतर, सगळं याच पद्धतीने निघतं.

हे मोजमाप कशाला, असं वाटेल. मिग-२१चा पंखांचा पल्ला ७.१५ मीटर आहे. १/७२ मध्ये तो जेमतेम ९९ मिलीमीटर होतो, दोन काडेपेट्या लांबीला लावल्या की झालं. एवढ्याशा जागेत एक मिलीमीटर चुकला तर खऱ्या विमानावर ती सव्वासात सेंटिमीटरची चूक. चाळीस सेंटिमीटर उंच आकडा इथे साडेपाच मिलीमीटरचा होतो. तो साडेसहाचा केलात तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण विमान खेळण्यासारखं दिसायला लागेल.

फोटो वाचण्यातही फसगत असते. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग ओळखायचा नाही, फक्त गडद-फिकट ओळखायचं. फोटो छापताना उलटा झालेला असू शकतो, ते अंकांवरून लगेच कळतं. आणि चौकात किंवा गेटवर चबुतऱ्यावर उभी केलेली विमानं रंगासाठी मुळीच वापरू नका. दर काही वर्षांनी त्यांना ऑइलपेंट मारतात, मारणाऱ्याला चिन्हांचं सोयरसुतक नसतं, आणि कधीकधी चक्राकार चिन्हातले रंगसुद्धा आतले बाहेर होतात. (बरोबर क्रम: बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा.) रिव्हेट, चाकांच्या कोनाड्यातल्या नळ्या, पॅनलचे सांधे यासाठी मात्र अशी विमानं सोन्यासारखी. मी टेप घेऊन जातो आणि आधी पहारेकऱ्याला विचारतो.

तुम्ही पुढे कधी जुनी विमानं करणार असाल तर एक सांगून ठेवतो. हे तिरंगी चिन्ह प्रजासत्ताकाबरोबरचं, म्हणजे १९५०पासूनचं. त्याआधी काही काळ पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर चिन्हातला लाल काढून नुसत्या दोन निळ्या छटा ठेवल्या होत्या, जपानी सूर्याशी गल्लत होऊन आपल्याच लोकांनी गोळी घालू नये म्हणून. स्पिटफायर दिसलं की लगेच तिरंगा लावणारे लोक मी पाहिलेत.

आता केशरी. लालसर केशरी ही परदेशी शीटांची नेहमीची खोड आहे, त्यांच्या डोळ्यापुढे संत्रं असतं. याला दोन उपाय. पहिला, पांढऱ्या डिकल कागदावर स्वतः रंग फवारायचा. नारिंगीत थोडा पिवळा आणि अगदी थेंबभर पांढरा. पांढरा यासाठी की इतक्या लहान मापात शुद्ध रंग जास्तच गडद वाटतो. फ्लॅशच्या पट्ट्या नव्या ब्लेडने, स्टीलच्या पट्टीला लावून कापायच्या. चक्राकार चिन्हासाठी चामड्याला भोकं पाडायचा पंचांचा संच घ्या. बाजारात चांभारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. केशरी मोठ्या पंचाने, पांढरा मधल्याने, हिरवा लहानाने, आणि एकावर एक. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. दुसरा उपाय सोपा आहे: छपाई ठीक असेल तर केशरी तसाच ठेवायचा आणि सगळं झाल्यावर त्यावर अतिशय पातळ पिवळसर थर मारायचा. मी पहिला उपाय करतो, कारण शीटवरची वर्तुळं भिंगाखाली बघितली की बहुतेक वेळा हिरवा ठिपका मध्यावर नसतोच. एका बाजूला पांढरी कड जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. तुमचंही शीट आधी भिंगाखाली बघा.

चंदेरी चकाकीचं कारण तुमच्या डिकलमध्ये नाही, डिकलखालच्या रंगात आहे. मॅट रंग भिंगाखाली पॉलिश पेपरसारखा खडबडीत असतो. डिकलची पारदर्शक फिल्म त्या उंचवट्यांवर तरंगते, खाली हवा अडकते आणि तीच उजेडात चमकते. म्हणून आधी ग्लॉस. मी टामियाचं एक्स-२२ (पारदर्शक ग्लॉस) पातळ करून दोन हलके थर देतो आणि चोवीस तास हात लावत नाही. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर मारू नका. हवेतला ओलावा थरात शिरतो आणि सगळं विमान दुधाळ होतं. झालंच तर घाबरू नका, कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा धूसर फवारा मारला की बहुतेक वेळा निवळतं.

मग डिकल. कोमट पाणी, वीस-पंचवीस सेकंद, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं. पाण्यातच सुटेपर्यंत ठेवलं तर गोंद धुऊन जातो आणि मग चकाकी हमखास. जागेवर मायक्रो सेट या डिकल बसवायच्या द्रवाचा थेंब, त्यावर डिकल कागदावरून सरकवायचं, उचलून ठेवायचं नाही. ओल्या ब्रशने जागेवर आणायचं, ओलसर इअरबडने मधून बाहेर पाणी ढकलायचं. दहा मिनिटांनी मायक्रो सोल, म्हणजे डिकल मऊ करणारा द्रव. आता डिकल सुरकुतेल आणि तुमचा जीव खालीवर होईल. त्याला बोट लावायचं नाही. उठा, चहा करा. सुरकुत्या त्याच्या त्याच बसतात आणि डिकल पॅनलच्या खाचेत उतरतं. पहिल्यांदा मी घाबरून बोटाने सपाट करायला गेलो आणि अर्धा क्रमांक नखावर आला. वाळल्यावरही कुठे चकाकी राहिली तर सुईच्या टोकाने बारीक भोकं पाडून परत सोल लावायचं.

जुनं, पिवळं पडलेलं शीट असेल तर ते खिडकीच्या काचेला उन्हाच्या बाजूने आठवडाभर चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. आणि त्याच्या कोपऱ्यातलं एखादं नको असलेलं डिकल आधी भिजवून बघा. पाण्यात त्याचे तुकडे झाले तर अख्ख्या शीटवर पारदर्शक क्लिअरचा एक थर मारून मगच कापायला घ्या.

कॅमोफ्लाजचे नेमके रंग कोणते, या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि जो एका डबीचा क्रमांक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हंटरचं सोपं आहे, ते ब्रिटिश पद्धतीचे ठरलेले रंग. मिग मात्र आपल्याकडे उघड्या धातूच्या अंगाने आले. उन्हात चमकणारं विमान धावपट्टीवर मैलभरावरून दिसतं, म्हणून युद्धाच्या सुमारास स्क्वॉड्रननी आपापल्या तळावर हाताशी होता तो रंग मारला. कुठे पूर्ण झाकलेलं विमान, तर कुठे धातूवर नुसते हिरवे फराटे. हाताने, ब्रशने मारलेल्या रंगाच्या कडा फवाऱ्यासारख्या मऊ येत नाहीत, आणि एकाच विमानावर दोन डब्यांतला हिरवा वेगळा दिसतो. म्हणून फोटोत दिसतो तो फराटा जसाच्या तसा काढा, बाकी ठिकाणी संयम ठेवा. रंग एअरब्रशने मारलात तरी शेवटचा हात ब्रशचा असू द्या. चिन्हांच्या भोवती रंग कसा वळवलाय तेही बघा. चिन्हं आधीची आणि रंग नंतरचा, त्यामुळे कधीकधी वर्तुळाभोवती धातूची कड उघडी राहिलेली दिसते. अशी एक कड नीट जमली तर मॉडेल खरं वाटायला लागतं.

नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हे भाग धातूचे नाहीत, त्यांच्यामागे रडार आणि अँटेना असतात. त्यांना चंदेरी करू नका. आणि गंज, तेलाचे ओघळ, काजळी यांचा मारा करू नका. हल्ली प्रत्येक मॉडेल भंगारातून काढल्यासारखं करायची फॅशन आहे. ही विमानं रोज पुसली जात होती.

आता ओझर. मिगचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी एचएएलची विभागणी होती. तुमच्या वडिलांच्या हाताखालून जे एफएल गेलं ते चंदेरी होतं. कॅमोफ्लाज त्यांनी ओझरच्या हँगरमध्ये मारलेलं नाही, ते नंतर कुठल्यातरी तळावर कुणीतरी मारलं. म्हणजे तुम्ही त्यांना त्यांचं विमान देणार, की त्यांनी कदाचित फक्त वर्तमानपत्रात बघितलेलं विमान देणार? माझं मत विचाराल तर कारखान्यातून बाहेर पडतानाचं द्या. ताजा केशरी, स्वच्छ आकडे, पंखांखाली काहीही टांगलेलं नाही. पॉड आणि रॉकेटचा सगळा घोळ वाचला.

काम मात्र वाढतं, हे आधीच सांगतो. उघड्या धातूवर काहीही लपत नाही. आधी चकचकीत काळा, तो वाळल्यावर लॅकरचा धातूरंग, आणि चार-पाच पॅनल किंचित वेगळ्या छटेत. इंजिनाच्या बाजूचा शेपटीकडचा भाग जरा गडद. डिकलची पारदर्शक कड धातूवर ठळक दिसते, म्हणून ती रंगाच्या अगदी कडेला लागून कापा. क्रमांकाच्या दोन अंकांमधली फिल्मसुद्धा कापून प्रत्येक अंक वेगळा लावा. तो सरळ रेषेत राहावा म्हणून खाली मास्किंग टेपची पट्टी चिकटवा आणि अंक तिच्यावर टेकवा. सोल काही धातूरंगांना खातं, तेव्हा आधी पोटाखाली एका ठिकाणी लावून बघा. आणि शेवटी मॅटचा थर मारू नका, धातू मरतो.

वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय हे समजलं, पण कुठल्याही निमित्ताने त्यांच्याशी दोन गोष्टी काढा. कॉकपिटच्या आतला रंग कसा होता, आणि पॅनलवरच्या बारीक सूचना रशियनमध्ये होत्या की इंग्रजीत. शीटवर रशियन स्टेन्सिलांची रांगच्या रांग असेल, आणि ती लावायची की नाही हे माझ्यापेक्षा, सूचना छापणाऱ्यापेक्षा, त्यांना जास्त ठाऊक असणार. ज्यांनी ती झाकणं स्क्रू-ड्रायव्हरने उघडली-लावली त्यांच्या हाताला ते आठवत असतं. त्यांनी सांगितलं ते लगेच लिहून ठेवा, पॅनल कुठलं तेही.

डावा फ्लॅश लावून झाला की थांबा. विमान फिरवून उजवी बाजू समोर घ्या, मगच दुसरा पाण्यात टाका.